सिस्टिम म्हणजे काय आणि तिचं विश्लेषण करतात कसं? (चर्चेचा धागा)

बाणचिन्ह

सिस्टिम ॲनालिसिस शिकायला घेतलं की पहिल्याच पानावर व्याख्या भेटते: एका उद्दिष्टासाठी एकत्र चालणारे, एकमेकांवर अवलंबून असलेले भाग. व्याख्येत चूक काही नाही, पण ती पाठ करून कुठलंही काम पुढे सरकत नाही. आधी विचारायचं ते हे, की या सिस्टिमची हद्द कुठे आहे? इनपुट, आउटपुट, प्रक्रिया, साठा, नियंत्रण, फीडबॅक ही बाकीची मंडळी हद्द आखल्यावरच ठरतात.

या धाग्यासाठी एकच काम धरू: मालाचं बिल पास करणं. खरेदी विभाग पीओ (खरेदीची ऑर्डर) काढतो, माल गेटवर येतो, स्टोअर मोजून जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) बनवतं, क्यूसी (गुणवत्ता तपासणी विभाग) तपासतं, पुरवठादाराचं बिल अकाउंट्सकडे येतं, तिन्ही कागद जुळले की पैसे सुटतात. तक्रार अशी की बिलं वेळेत निघत नाहीत.

हद्द अकाउंट्सच्या दारात आखली तर इनपुट म्हणजे बिल आणि आउटपुट म्हणजे पेमेंट. मग उपायही तसेच सुचतात: बिल-एंट्रीचा नवा स्क्रीन, स्कॅनर, आणखी एक माणूस. पण जीआरएन अकाउंट्सकडे यायलाच चार दिवस लागत असतील, तर एंट्री दहा मिनिटांवरून दोन मिनिटांवर आणून काय उपयोग? हद्द गेटपासून पेमेंटपर्यंत नेली की हा उशीर आत येतो आणि दिसू लागतो.

ताणायची तरी किती? दोन प्रश्न विचारावेत. ही गोष्ट आपल्या कामावर परिणाम करते का? आणि ती बदलणं आपल्या हातात आहे का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर ती आत. परिणाम करते पण हातात नाही, जसे करांचे नियम, बँकेच्या वेळा, पुरवठादाराचं स्वतःचं सॉफ्टवेअर, तर ती बाहेर. तिच्याशी काय देवाणघेवाण होते तेवढंच नोंदवायचं. परिणामच होत नसेल तर ती चित्रात नको.

सगळ्यात जास्त गफलती हद्दीवरच होतात. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाशी पोहोचताना हातचं गेलं. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने आवेग पाउंड-सेकंदांत दिला आणि तो वापरणाऱ्यांनी न्यूटन-सेकंदांत धरला. फरक जवळजवळ ४.४५ पट. गंमत म्हणजे मेट्रिक एकक वापरायचं हे कागदावर आधीच ठरलेलं होतं. ते पाळलं जातंय का, हे वेळेत पडताळलं गेलं नाही. म्हणून हद्द ओलांडणाऱ्या प्रत्येक आकड्याबरोबर एकक, दशांश स्थळं, तारखेची पद्धत आणि रकाना रिकामा असला तर तो शून्य समजायचा की 'माहीत नाही', हे लिहून घ्यायचं आणि खरा डेटा पाठवून तपासायचं.

शंकासुर

धागा छान. पण मूळ शंका: एवढं कागदावर काढत बसण्यापेक्षा प्रोग्रामरने सरळ स्क्रीन बनवून दाखवावा आणि लोकांना विचारावं 'हेच हवंय का?' वेळ वाचेल की.

खतावणी

स्क्रीन समोर ठेवला की लोक स्क्रीनबद्दल बोलतात. बटण डावीकडे घ्या, अक्षर मोठं करा. कामात आडवं-तिडवं काय होतं ते त्यातून बाहेर येत नाही. वरचंच उदाहरण आकडे घालून बघा.

पीओ १०० नगांचा. गाडीतून उतरले ९६. क्यूसीने त्यातले ३ नाकारले. बिल मात्र १०० चं. म्हणजे स्वीकारलेले ९३ आणि फरक ७ चा. पण हे ७ एका जातीचे नाहीत. ४ आलेच नाहीत. ते मागून येणार असतील तर पीओ उघडा ठेवायचा, येणार नसतील तर डेबिट नोट (बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी) काढून पीओ बंद करायचा. ३ आले पण नाकारले गेले. त्यांचं परतीचं चलन निघेपर्यंत ते स्टोअरमध्ये वेगळे ठेवायचे, आणि पुरवठादार बदली माल देणार की रक्कम कापून घ्यायची हे ठरेपर्यंत ते अधांतरी. आठवड्याने मागचे ४ दुसऱ्या गाडीतून येतात. पीओ तोच, बिल तेच, जीआरएन मात्र दुसरा.

डेटाबेसमध्ये पीओच्या नोंदीत 'जीआरएन क्रमांक' असा एकच रकाना ठेवला असेल तर गाडी इथे अडते. ऑपरेटर बिचारा वाट काढतो: माल यायच्या आधीच ९६ चे १०० करून टाकतो. बिल पुढे सरकतं, पण आठवडाभर साठ्यात नसलेले ४ नग दिसत राहतात, आणि दुसऱ्या गाडीची गेट-एंट्री कुठल्याच जीआरएनला जोडलेली नसते. ऑडिटमध्ये हे निघतंच.

हे सगळं एका प्रश्नाने टळतं: एका पीओवर जास्तीत जास्त किती जीआरएन? मग उलटा प्रश्न: एका जीआरएनमध्ये एकाहून जास्त पीओंचा माल येऊ शकतो का? बिल आणि जीआरएन यांचंही तसंच. प्रत्येक जोडीला दोन्ही बाजूंनी 'कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती' विचारायचं. दोन्हीकडून 'अनेक' असं उत्तर आलं तर मध्ये तिसरा तक्ता लागतो. इथे तो 'जीआरएन-ओळ' हा: कुठल्या पीओची कुठली ओळ, आलेले, स्वीकारलेले, नाकारलेले. पीटर चेनने १९७६ मध्ये मांडलेलं एंटिटी-रिलेशनशिप (ईआर) मॉडेल, म्हणजे ज्यांच्या नोंदी ठेवायच्या त्या गोष्टी (एंटिटी) आणि त्यांच्यातली नाती, हेच प्रश्न विचारायला भाग पाडतं. आधी विचारलं तर पाच मिनिटांचं काम. डेटा भरल्यावर तक्ता फोडायची वेळ आली तर जुन्या नोंदी कुठल्या बाजूला टाकायच्या हेच कुणाला सांगता येत नाही.

शंकासुर

पटलं. मग डीएफडी (डेटा फ्लो डायग्राम, म्हणजे डेटाच्या प्रवाहाची आकृती) वेगळा कशाला? ईआर आकृतीतच सगळं येत नाही का?

लघुकोन

नाही येत. ईआर सांगते काय साठवलंय. ते कोण भरतं आणि कुठून कुठे जातं हे डीएफडी सांगतो. चिन्हांच्या दोन पद्धती प्रचलित आहेत, प्रक्रियेसाठी डीमार्कोची गोलाची आणि गेन-सार्सनची गोल कोपऱ्यांच्या चौकटीची, दोन्ही १९७९ च्या सुमाराच्या. बाण म्हणजे डेटाचा प्रवाह. कुठलीही वापरा, फक्त एकाच आकृतीत दोन्ही मिसळू नका.

सुरुवात संदर्भ-आकृतीने करायची: मधे एकच गोल 'बिल पास करणे', भोवती बाहेरचे घटक (पुरवठादार, बँक, खरेदी विभाग हद्दीबाहेर ठेवला असेल तर तोही) आणि ये-जा करणारे बाण. यात डेटा-साठा दाखवायचा नाही. मग तो गोल फोडायचा, साधारण पाच ते नऊ गोलांत. त्याहून जास्त झाले तर काही एकत्र करून खालच्या पातळीवर फोडा.

आकृती झाल्यावर तपासणी, आणि कस इथेच लागतो. ज्या गोलात बाण जातात पण निघत नाहीत, तिथे डेटा गडप होतोय. ज्यातून निघतात पण आत काहीच जात नाही, तिथे माहिती हवेतून तयार होतेय. हे दोन्ही डोळ्यांना लगेच दिसतात. तिसरी चूक लपून राहते: आत जाणाऱ्यातून बाहेर येणारं तयार होऊच शकत नाही. समजा 'बिल तपासा' या गोलात बिल आणि जीआरएन जातात, बाहेर 'मंजूर बिल' येतं. ठीक वाटतं ना? पण जीआरएनवर नग असतात, दर नसतो. मग बिलातला दर कशाशी ताडून पाहिला? पीओचा बाण राहिला. आणि प्रत्यक्षातही तेच होत असेल, म्हणजे दर कुणीच तपासत नसेल, तर आकृतीने तुमच्या हाती खरं घबाड दिलं.

आणखी काही बंधनं. साठ्यातून थेट साठ्यात बाण नको, मध्ये प्रक्रिया हवी. दोन बाहेरच्या घटकांमधला बाण काढायचा नाही, तो आपल्या हद्दीतला विषय नाही. वरच्या पातळीवर गोलात जेवढे बाण जातात-येतात तेवढेच तो फोडल्यावर हद्दीवर दिसले पाहिजेत. बाणाला नेमकं नाव द्या. 'माहिती' किंवा 'तपशील' एवढंच सुचत असेल तर तो बाण अजून तुम्हाला कळलेला नाही. आणि डीएफडीमध्ये 'जर-तर' घालायचं नाही. क्रम आणि निर्णय यांची जागा दुसरीकडे आहे.

शेवटी क्रड तक्ता: आडव्या ओळीत प्रक्रिया, उभ्या रकान्यांत एंटिटी, खान्यात तयार करणे, वाचणे, बदलणे, काढणे यांतलं काय होतं ते. जिची 'तयार' नोंद कुठेच नाही अशी एंटिटी निघाली तर एक प्रक्रिया राहून गेलीय. जी भरली जाते पण कुणीच वाचत नाही ती कशासाठी भरतोय, हे विचारायला लाजू नका.

शंकासुर

आणि ते 'जर-तर' कुठे लिहायचं?

खतावणी

निर्णय-तक्त्यात. परिच्छेदात लिहिलेले नियम वाचायला सोपे वाटतात, पण त्यात भोकं राहतात.

अटी तीन घेऊ: पीओ सापडला का, नग जुळतात का, दर जुळतो का. प्रत्येकीची हो/नाही अशी दोन उत्तरं, म्हणजे २ × २ × २ = ८ शक्यता. पीओच सापडला नाही तर नग आणि दर बघायचा प्रश्न येत नाही, म्हणून त्या चार शक्यता मिळून एक नियम: बिल परत. उरले चार. सगळं जुळलं, तर मंजूर. नग जुळले, दर नाही, तर खरेदी विभागाकडे. दर जुळला, नग नाहीत, तर स्वीकारलेल्या नगांपुरतं मंजूर आणि बाकीची डेबिट नोट. दोन्ही जुळले नाहीत, तर बिल थांबवून दोघांनाही कळवायचं. पडताळा असा: पहिला नियम ४ शक्यता व्यापतो, उरलेले चार प्रत्येकी १, एकूण ८. बेरीज कमी आली तर काहीतरी सुटलंय, जास्त आली तर दोन नियम एकमेकांवर चढलेत.

अटी वाढल्या की शक्यता दुपटीने वाढतात; सहा अटी म्हणजे ६४. तेवढं झालं तर तक्ता दोन भागांत फोडा.

आणि 'जुळतो' म्हणजे काय ते आकड्यात घ्या. दरात अर्धा टक्का फरक चालतो का? टक्का की ठरावीक रक्कम? दोन्ही असतील तर कमी असेल ती की जास्त असेल ती? याचं उत्तर विभागात प्रत्येकजण वेगळं देतो, आणि वर 'हे सगळ्यांना माहीतच आहे' असंही म्हणतो.

बाणचिन्ह

फीडबॅकबद्दल मी वर नुसता उल्लेख करून पुढे गेलो, ते जरा सविस्तर.

नियंत्रणाला चार गोष्टी लागतात: ठरवलेली पातळी, मोजमाप, तुलना आणि कृती. साठ्याचं उदाहरण घ्या. रोजचा खप २० नग, माल यायला ७ दिवस, हाताशी ठेवायचा राखीव साठा ४०. नवी ऑर्डर सोडायची पातळी २० × ७ + ४० = १८०. साठा १८० पर्यंत उतरला की ३०० नगांची ऑर्डर सोडायची. कागदावर निर्दोष.

आता प्रोग्राम रोज रात्री चालतो आणि फक्त गोदामातला साठा बघतो. पहिल्या रात्री साठा १८०, ऑर्डर गेली. दुसऱ्या रात्री १६०, म्हणजे १८० पेक्षा कमी, पुन्हा ऑर्डर. तिसऱ्या रात्री १४०, पुन्हा. पहिला माल सातव्या दिवशी येईपर्यंत सात ऑर्डरी सुटलेल्या असतात: ३०० ऐवजी २१०० नग. मग कुणीतरी घाबरून ऑर्डरी बंद करतं, साठा महिनोन् महिने पडून राहतो, आणि पुढच्या वेळी उशिरा जाग येते. प्रोग्राममध्ये बग नाही. तुलना चुकीच्या राशीशी होतेय. हातातला साठा अधिक वाटेवरचा माल वजा ग्राहकांना कबूल केलेला माल, अशी बेरीज-वजाबाकी करून १८० शी ताडायचं.

एमआयटीच्या जे फॉरेस्टरने १९६१ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर दाखवलं. फीडबॅकमध्ये उशीर असला की दुकानदाराच्या मागणीतला छोटा बदल कारखान्यापर्यंत पोहोचताना मोठ्या हेलकाव्याचं रूप घेतो, आणि त्यात कुणा एकाची चूक असायला लागत नाही. विश्लेषणात म्हणून प्रत्येक फीडबॅकसमोर लिहा: मोजल्यापासून परिणाम दिसेपर्यंत किती वेळ? आणि त्या दरम्यान पुन्हा मोजमाप होतं का?

पिंपळपान

हे सगळं जुन्या वॉटरफॉलच्या, म्हणजे एक टप्पा पूर्ण संपवून मगच पुढचा घ्यायच्या, काळातलं नाही का? आता ॲजाइलमध्ये (थोडं-थोडं करत जायची पद्धत) दोन आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक छोटा फेरा, लगेच दाखवा, लगेच बदला. एवढ्या आकृत्या काढतं कोण?

अनुक्रमणिका

वॉटरफॉलबद्दल आधी एक दुरुस्ती. ज्या लेखाला त्याचं मूळ मानतात तो विन्स्टन रॉइसचा १९७० चा लेख. त्यात एकामागून एक टप्प्यांचं चित्र आहे खरं, पण तेवढ्यावरच थांबणं धोक्याचं आहे असं त्यानेच पुढे लिहिलंय, आणि नवीन प्रकारचं काम असेल तर ते दोनदा करावं असंही सुचवलंय. लोकांनी चित्र उचललं, पुढचा मजकूर राहिला.

ॲजाइलचा जाहीरनामा २००१ चा, १७ जणांनी मिळून लिहिलेला. त्यात विश्लेषण नको असं कुठेही नाही. सगळं विश्लेषण आधी आटपायचा हट्ट सोडा, एवढंच. तुकड्या-तुकड्याने करा, पण करा. आणि काही निर्णय तुकड्यांनी घेता येत नाहीत: कुठली नोंद कशाने ओळखायची, दुसऱ्या सिस्टिमशी काय ठरलंय, कोणाला काय दिसू द्यायचं, वर्षाला किती नोंदी येणार. स्क्रीन आणि रिपोर्ट स्प्रिंटमध्ये बदलत राहिले तरी बिघडत नाही.

लघुकोन

स्क्रीनचं मान्य. रिपोर्टचं अजिबात नाही.

'पुरवठादारवार, कारणवार नाकारलेला माल' असा रिपोर्ट वर्षाने मागितला, तर कारणाचा कोड जीआरएनच्या वेळीच नोंदवलेला हवा. नसेल तर तो मागे जाऊन भरता येत नाही. 'शेरा' या मोकळ्या रकान्यात लिहिलंय म्हणाल तर एकाच दोषाचे पंधरा उच्चार सापडतील. रिपोर्टचं रूप नंतर ठरवा हवं तर. त्यात काय मोजायचंय हे मात्र पहिल्या आठवड्यात विचारा. आउटपुटपासून मागे येत इनपुट ठरवायचं, हा क्रम ॲजाइलने बदललेला नाही.

अनुक्रमणिका

बरोबर. रूप म्हणायचं होतं, वाक्य ढिलं झालं.

जाता जाता: व्यवसायाच्या कामासाठी संगणक चालवायची सुरुवात ब्रिटनमधल्या जे. लायन्स या चहा-बेकरीच्या कंपनीने केली. त्यांचा स्वतः बनवलेला लिओ हा संगणक १९५१ मध्ये बेकरीच्या मालाचे हिशेब करू लागला. संगणक यायच्या कितीतरी आधीपासून त्या कंपनीत कामाच्या पद्धतींचा अभ्यास करणारा वेगळा विभाग होता. यंत्र आलं तेव्हा त्याला काय करायला सांगायचं हे त्यांना म्हणूनच नेमकं सांगता आलं.

दुपारपाळी

माहिती गोळा कशी करायची यावर कुणी बोललं नाही अजून.

मुलाखतीत माणूस नियम सांगतो, प्रत्यक्षात काय होतं ते सांगत नाही. 'बिलं कशी पास करता?' या प्रश्नाला पुस्तकी उत्तर मिळणार. त्याऐवजी 'काल अडकलेलं शेवटचं बिल दाखवा, ते का अडकलं?' असं विचारा. मग फाइल उघडते, पेन्सिलने लिहिलेले शेरे दिसतात, टेबलाच्या काचेखालचा हाताने लिहिलेला कोड-तक्ता दिसतो. ती पेन्सिल आणि तो कागद म्हणजे चालू सिस्टिममध्ये नसलेले रकाने. त्यांची प्रत घ्या. भरलेले फॉर्म गोळा करा, कोरे नकोत. कोऱ्या फॉर्मवर कुठले रकाने कधीच भरले जात नाहीत हे कळत नाही. महिनाअखेरीला आणि महिन्याच्या मधे, दोन्ही वेळा जाऊन बसा.

लोकांना 'बिलाला किती दिवस लागतात?' असं विचारू नका, मोजा. लिटलचा नियम इथे फार कामाचा: पडून असलेली कामं = रोज येणारी कामं × एका कामाचा सरासरी मुक्काम. ट्रेमध्ये २४० बिलं आणि रोज ४० निघत असतील तर सरासरी मुक्काम ६ दिवस. कुणी 'दोन दिवसांत करतो' म्हणालं तरी गणित ६ च म्हणतं. अट एकच: ढीग फार वाढत किंवा घटत नसावा.

'माणूस पूर्ण वेळ कामात असला पाहिजे' हा आग्रहही तपासून बघा. कामं कधीही येत असतील, प्रत्येकाला कमी-जास्त वेळ लागत असेल आणि सही करणारा एकच असेल, तर सर्वसाधारण रांगेच्या सूत्राने सरासरी प्रतीक्षा = एका कामाचा वेळ × व्यस्तता ÷ (१ − व्यस्तता). व्यस्तता म्हणजे तो एकूण वेळेपैकी किती वेळ कामात असतो ते, ८० टक्के म्हणजे ०.८. एका सहीला ५ मिनिटं धरली तर ८० टक्के व्यस्ततेला प्रतीक्षा २० मिनिटं, ९० टक्क्यांना ४५, ९५ टक्क्यांना ९५ मिनिटं. शेवटच्या पाच टक्क्यांत प्रतीक्षा दुपटीहून वाढते. अशा वेळी नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी बघावं की प्रत्येक बिलाला ती सही लागते का. ठरावीक रकमेखालची, तिन्ही कागद जुळलेली बिलं सहीशिवाय सोडली तर रांग तिथेच मोडते.

पिंपळपान

हे गणित जबरी आहे. आमच्याकडे गरजा लिहिताना 'सिस्टिम फास्ट, युजर-फ्रेंडली असावी' एवढंच असतं.

दुपारपाळी

ते वाक्य तपासता येत नाही, म्हणून ते गरजेत धरू नका. असं लिहा: एकाच वेळी ४० जण काम करत असताना, बिल शोधण्याच्या १०० पैकी ९५ विनंत्यांना २ सेकंदांच्या आत उत्तर मिळावं. 'युजर-फ्रेंडली'च्या जागी: नवीन ऑपरेटरने अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणानंतर मदत न घेता साधं बिल ३ मिनिटांत भरावं. 'कायम चालू' म्हणजे किती? वर्षभरात ९९ टक्के म्हणजे जवळजवळ ८८ तास बंद चालतं, ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास. खर्चात मोठा फरक पडतो, म्हणून आकडा विचारूनच घ्या. आणि ते तास महिनाअखेरीला आले तर चालतील का, हेही.

बाणचिन्ह

व्यवहार्यतेवर दोन ओळी, बाकी पुस्तकांत भरपूर आहे. तांत्रिक, आर्थिक, कायदेशीर, वेळेची आणि कामकाजाची अशी पाच अंगं तपासतात. पैकी आर्थिक बाजूवर पानंच्या पानं लिहिली जातात आणि कामकाजाच्या बाजूवर एक वाक्य. सिस्टिम पडते ती बहुतेक त्या एका वाक्यात: गेटवर जो माणूस आहे तो, गाड्यांची रांग लागलेली असताना, प्रत्येक गाडीसाठी सहा रकाने भरू शकणार आहे का?

अनुक्रमणिका

त्याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे लंडनच्या ॲम्ब्युलन्स सेवेची संगणकीय पाठवणी. २६ ऑक्टोबर १९९२ ला सुरू झाली, फेब्रुवारी १९९३ मध्ये चौकशी अहवाल आला.

त्या सिस्टिमला प्रत्येक गाडी कुठे आहे आणि मोकळी आहे की नाही हे जवळजवळ अचूक माहीत असणं गरजेचं होतं. प्रत्यक्षात रेडिओ संदेश पोहोचत नव्हते, गाडीवरची माणसं घाईत स्थितीची बटणं चुकीच्या क्रमाने दाबत किंवा दाबतच नसत. मग सिस्टिमला गाड्या चुकीच्या जागी दिसू लागल्या, एकाच घटनेला दोन गाड्या जाऊ लागल्या, जवळची सोडून लांबची जाऊ लागली. प्रत्येक विसंगतीचा एक इशारा ऑपरेटरच्या पडद्यावर येई. इशारे इतके झाले की जुने वर सरकून दिसेनासे झाले. गाडी आली नाही म्हणून लोक पुन्हा फोन करू लागले, त्या फोनांनी भार आणखी वाढवला. बाणचिन्ह यांनी वर साठ्याचं सांगितलं तसंच हेही फीडबॅकचं चक्र, फक्त इथे ते थांबवायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अर्धं काम पुन्हा हातावर आणलं. ४ नोव्हेंबरला मात्र सिस्टिम आधी मंदावली आणि मग बंदच पडली. कारण साधं: प्रत्येक पाठवणीला सर्व्हरवर थोडी मेमरी घेऊन ती परत न सोडणारा प्रोग्रामचा तुकडा. दहा मिनिटांच्या चाचणीत ही चूक कधीच दिसत नाही. खऱ्या भाराने दिवसेंदिवस चालवून बघितलं तर दिसते.

विश्लेषणाच्या दृष्टीने शिकायचं ते मेमरीत नाही, त्याआधीच्या गाड्यांच्या चुकीच्या माहितीत आहे. इनपुट अपुरं किंवा चुकीचं आलं तर सिस्टिम काय करेल, हे प्रत्येक इनपुटसमोर लिहिलेलं हवं.

शंकासुर

शेवटचा टप्पा राहिला. जुनं बंद करून नवं चालू करताना काय पद्धत?

खतावणी

पद्धती चार. एका झटक्यात बदल, स्वस्त आणि सगळ्यात धोक्याचा. दोन्ही समांतर चालवणं. एका शाखेत आधी चालवून बघणं. किंवा एकेक भाग चालू करत जाणं. यात जुन्या-नव्याला जोडणारे तात्पुरते पूल बांधावे लागतात आणि त्यांचा खर्च अंदाजात कुणी धरत नाही. समांतर पद्धत सगळ्यांना सुरक्षित वाटते, पण त्यात त्याच माणसांवर दुप्पट काम पडतं. एक पूर्ण महिना, महिनाअखेर धरून, एवढं बहुधा पुरतं. लांबवलं तर लोक एकीकडे नीट भरतात आणि दुसरीकडे उरकतात.

डेटा हलवण्याची तालीम आधीच करून ठेवा, निदान दोनदा. प्रत्येक वेळी नोंदींची संख्या, रकमांची बेरीज आणि काही नोंदी डोळ्यांनी, अशी तिहेरी पडताळणी. नुसती संख्या जुळून भागत नाही. रकमेचा रकाना एका जागेने सरकला तरी संख्या जुळतेच. अर्धवट व्यवहारांकडे खास लक्ष द्या: उघडे पीओ, नाकारलेले पण परत न गेलेले नग. बंद झालेले व्यवहार हलवणं सोपं असतं.

शंकासुर

समांतर चालवताना दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत, तर नवं चुकीचं समजायचं?

खतावणी

तसं धरून चालू नका, बऱ्याचदा जुनंच चुकीचं निघतं. फरकांची यादी करा आणि प्रत्येकासमोर कारण लिहा.

फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर आधी शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल शोधा: ५४६३ चे ५६४३ झाले की फरक १८०. फरक एका दिवसात येऊन दुसऱ्या दिवशी उलट्या चिन्हाने नाहीसा होत असेल तर दिवस बंद करायची वेळ दोन्हीकडे वेगळी आहे. आणि ०.०१, ०.०२ असे बारीक फरक रोज येत असतील तर गोल करण्याची जागा बघा. तीन ओळींवर प्रत्येकी ०.३३३ कर असेल, तर ओळीला गोल करून बेरीज ०.९९ येते आणि बेरीज करून गोल केलं तर १.००. पुरवठादाराच्या बिलावर यातलं कुठलं छापून येतं ते बघा, कुठली पद्धत धरायची ते अकाउंट्सकडून लेखी घ्या, आणि ते येईपर्यंत 'किरकोळ' म्हणून ते फरक यादीतून काढू नका.